खासगी मालकाकडून जुना बँडसॉ घेताना: वनविभागाचा परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

कोकणात जुना बँडसॉ, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या पात्याने लाकूड चिरणारे यंत्र, विक्रीला निघतो तो बहुधा वारसांना चालवायची नसलेल्या सॉ मिलमधून, काम थांबवलेल्या होडी बांधणाऱ्याच्या मांडवातून किंवा नवे यंत्र घेतलेल्या सुताराच्या कारखान्यातून. पुष्कळदा किंमत आधी ठरते, टेम्पो सांगितला जातो आणि परवान्याची चौकशी यंत्र दारात उतरल्यावर सुरू होते. हा क्रम उलटा असायला हवा. बँडसॉ ही पाण्याच्या पंपासारखी केवळ जंगम वस्तू नाही. लाकूड चिरण्याच्या यंत्रावर वनकायद्याचे नियंत्रण आहे, आणि यंत्र विकत घेतले म्हणून ते चालवण्याचा हक्क खरेदीदाराकडे येत नाही.

परवाना कशाला लागतो

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 41 ने राज्य शासनाला लाकडाच्या वाहतुकीबरोबरच लाकूड चिरण्याच्या जागांवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला आहे. कायदा झाला तेव्हा खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवून दोघे जण करवत ओढत असत, म्हणून त्या कलमात करवतीच्या खड्ड्यांचा उल्लेख येतो. आज तोच अधिकार विजेवर चालणाऱ्या सॉ मिलला लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने वनसंरक्षणाच्या गोदावर्मन प्रकरणात ऑक्टोबर 2002 मध्ये विनापरवाना सॉ मिल बंद करण्याचे आणि केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नव्या सॉ मिलला परवानगी न देण्याचे आदेश दिले. पुढे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2016 मध्ये लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नव्या परवान्यांचा विचार राज्यस्तरीय समितीकडे आला.

या सूचनांमधील एक तरतूद लहान कारागिराने नीट वाचली पाहिजे. वैध मार्गाने घेतलेले चिरलेले लाकूड, बांबू, प्लायवूड यांसारखा माल वापरणाऱ्या आणि बँडसॉ, रीसॉ (चिरलेले लाकूड पुन्हा चिरणारे यंत्र) किंवा 30 सेंटीमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची गोल करवत नसलेल्या उद्योगाला परवाना लागत नाही. येथे 30 सेंटीमीटरची मर्यादा गोल करवतीची आहे. ती बँडसॉच्या चाकालाही लागू होते असे मी गृहीत धरत नाही, आणि वाचकांनीही धरू नये. ओंडक्यासाठी ट्रॉली असलेला 36 किंवा 42 इंची चाकाचा बँडसॉ असेल तर परवान्याबद्दल शंकाच उरत नाही. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी फळीतून आकार कापणाऱ्या 14 किंवा 18 इंची टेबल बँडसॉचे काम वेगळे आहे, तरीही ‘लहान यंत्राला काही लागत नाही’ हे विक्रेत्याचे तोंडी सांगणे पुरेसे नाही. यंत्राचे छायाचित्र, चाकाचा व्यास, मोटारची अश्वशक्ती, कच्च्या मालाचा प्रकार आणि कामाची जागा लिहून आपल्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज द्यावा, त्याची पोचपावती घ्यावी आणि उत्तर लेखीच मागावे. रत्नागिरी जिल्ह्यासाठी हे कार्यालय चिपळूणला आणि सिंधुदुर्गासाठी सावंतवाडीला आहे, तर रायगडात रोहा आणि अलिबाग असे दोन विभाग असल्यामुळे आपले गाव कोणत्या विभागात येते हे आधी पाहावे लागते.

जागेची पात्रता

कोकणात अर्ज अडतो तो यंत्रापेक्षा जागेवर. नव्या लाकूड-आधारित उद्योगासाठी अधिसूचित वनाच्या हद्दीपासून 10 किलोमीटर अंतराची अट आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, जिथे गावाच्या वरच्या अंगाला राखीव वन असणे ही नेहमीची गोष्ट आहे, तिथे स्वतःच्या परसात सॉ मिल काढण्याचा बेत याच अटीवर थांबू शकतो. नगरपालिका क्षेत्र आणि अधिसूचित औद्योगिक वसाहतींचा विचार वेगळा होतो. त्यामुळे खेर्डी, मिरजोळे किंवा कुडाळ यांसारख्या औद्योगिक वसाहतीत गाळा मिळत असेल, तर भाडे जास्त वाटले तरी ती शक्यता आधी तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातबारा केवळ नावासाठी पाहू नये. इतर हक्काच्या रकान्यात खाजगी वनाची किंवा वनसंज्ञेची नोंद आहे का, हे पाहावे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 च्या नोंदी कोकणात अनेक सातबाऱ्यांवर आहेत आणि कित्येक मालकांना त्या अर्ज फेटाळला गेल्यावरच कळतात. जागा खाडीकाठी असेल तर ती किनारी नियमन क्षेत्रात येते का, हेही विचारून घ्यावे.

विक्रेत्याचा परवाना आपला होतो का

‘मशिनबरोबर लायसन पण देतो’ हे वाक्य ऐकले की खरेदीदाराने थांबावे. सॉ मिलचा परवाना विशिष्ट व्यक्तीच्या नावे आणि विशिष्ट जागेसाठी असतो. नाव बदलायचे किंवा यंत्र दुसऱ्या गावी हलवायचे, तर वनविभागाची पूर्वपरवानगी लागते. साध्या कागदावरचा किंवा नोटरीचा करार त्याची जागा घेऊ शकत नाही. विक्रेत्याकडे परवाना असेल तर मूळ प्रत पाहावी, तो कोणत्या वर्षापर्यंत नूतनीकृत आहे आणि त्यावर किती यंत्रे नोंदलेली आहेत हे वाचावे. यंत्र विकल्याची लेखी सूचना विक्रेत्याने आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला द्यावी, असा आग्रह धरावा. विक्रेत्याची सॉ मिल विनापरवाना चालत असेल, तर यंत्र एखाद्या वनगुन्ह्यात जप्त होऊन सुपूर्तनाम्यावर (मागितल्यास हजर करण्याच्या हमीवर) सोडलेले नाही ना, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात केल्याशिवाय विसार देऊ नये.

अर्जाबरोबर काय लागते

अर्जासोबत साधारणपणे आधार, पॅन, जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जागा भाड्याची असल्यास भाडेकरार, बिनशेती आदेश, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ना हरकत दाखला, जागेचा नकाशा, यंत्राचा तपशील आणि लाकूड कोठून येणार याचे निवेदन जोडावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि उद्यम नोंदणी हे स्वतंत्र विषय आहेत. उद्यम नोंदणी आधार व पॅनवर शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. अर्ज आल्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी जागा पाहतात. यंत्राच्या पाटीवरील क्रमांक व अश्वशक्ती आणि अर्जातील आकडे तेव्हा जुळले पाहिजेत. खाऱ्या हवेत पाट्या गंजतात, म्हणून सौद्याच्या वेळीच पाटी घासून तिचे छायाचित्र घ्यावे. पाटी नसेल तर तसा उल्लेख करारात करावा.

मालकी आणि करार

खासगी विक्रेत्याकडे मूळ बिल नसणे ही सामान्य गोष्ट आहे, पण मालकीचा काही तरी पुरावा हवा: जुने बिल, बँकेच्या कर्जाचे कागद किंवा परवान्यावरील यंत्राची नोंद. यंत्रासाठी कर्ज घेतले होते का, हे थेट विचारावे. घेतले असल्यास ते यंत्र बँकेकडे तारण असू शकते, म्हणून बँकेचा कर्ज नसल्याचा दाखला पाहूनच पुढे जावे. मूळ मालक हयात नसतील तर सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. एक भाऊ गावात आणि दोघे मुंबईला, ही कोकणातली घरोघरची स्थिती आहे. सर्वांच्या सह्या मिळण्यासाठी गणपती किंवा शिमग्यापर्यंत थांबावे लागले तरी थांबावे, कारण राहिलेल्या एका सहीमुळे उभे राहिलेले भांडण दिवाणी न्यायालयापर्यंत जाते.

करारात दोन्ही पक्षांची नावे व पत्ते, यंत्राचे वर्णन, क्रमांक, चाकाचा व्यास, मोटार, सोबत येणारे ब्लेड व स्टार्टर, किंमत, ताबा दिल्याची तारीख आणि यंत्रावर कोणाचाही बोजा नसल्याचे विक्रेत्याचे निवेदन असावे. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात पूर्वी 100 रुपयांच्या मुद्रांकावर होणाऱ्या अशा करारांना 500 रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते. वनपरवाना मिळाल्यासच उरलेली रक्कम देण्याची अट घालता आली तर ती जरूर घालावी. ती खरेदीदाराचे सर्वात मोठे संरक्षण आहे.

पैसे बँकेतूनच द्यावेत. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही, आणि व्यवसायासाठी घेतलेल्या यंत्रापोटी एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम घसाऱ्यासाठी धरली जात नाही. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला जीएसटी आकारता येत नाही, त्यामुळे खरेदीदाराला त्याची वजावटही मिळत नाही. मात्र खरेदीदार नोंदणीकृत असेल तर वाहतूक त्याने केली असे धरले जाते आणि ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटी संकेतस्थळावर काढायच्या बिलाची, जबाबदारी त्याच्यावर येते. हे बिल ज्या किमतीच्या वर लागते ती मर्यादा राज्यांतर्गत वाहतुकीसाठी 1 लाख रुपये आहे. गोव्यातून यंत्र आणायचे असल्यास ती 50,000 रुपये आहे.

वीज आणि लाकूड

यंत्र बसवण्यापूर्वी महावितरणकडे औद्योगिक थ्री फेज जोडणीचा किंवा भार वाढवण्याचा अर्ज करावा लागतो आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. 15 अश्वशक्तीची मोटार म्हणजे सुमारे 11.2 किलोवॉट भार. घरगुती किंवा शेतीपंपाच्या जोडणीवर ती चालवणे हा वीजचोरीच्या कारवाईला वाव देणारा प्रकार आहे.

परवाना मिळाल्यावर आवक-जावकीची नोंदवही रोजच्या रोज लिहावी लागते आणि प्रत्येक ओंडक्यामागे कागद लागतो. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ आणि चिंच ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहेत. शेजाऱ्याने स्वतःच्या परड्यातला फणस आणून टाकला तरी तोडीची परवानगी आणि, लागू असेल तेथे, वाहतूक पास पाहून त्याची प्रत नोंदवहीला जोडावी, आणि त्यानंतरच ओंडका ट्रॉलीवर चढवावा.