अमेरिकेत आयसीयू ट्रॅव्हल नर्स: आधी लायसन्स, मग एजन्सी

ट्रॅव्हल नर्स म्हणजे एजन्सीमार्फत ठरावीक मुदतीसाठी वेगवेगळ्या रुग्णालयांत काम करणारी नर्स. तिचा करार बहुधा १३ आठवड्यांचा असतो. युनिटची ओळख एक-दोन शिफ्टमध्ये उरकतात आणि लगेच व्हेंटिलेटर व नॉरएपिनेफ्रिन (रक्तदाब वाढवणारे औषध) यांवरचे रुग्ण तुमच्या हवाली होतात. म्हणून एजन्सी आयसीयूचा ताजा, एक ते दोन वर्षांचा अनुभव मागते, तोही बहुतेक वेळा अमेरिकन रुग्णालयातला. ईबी-३ वर (नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डवर) गेलेल्या नर्सने आधी स्पॉन्सरसोबतचा करार पूर्ण करावा. मध्येच सोडल्यास दंड आहे का, हे सही करण्यापूर्वीच वाचून घ्या.

एनक्लेक्स-आरएन ही अमेरिकेतली नर्सची लायसन्स परीक्षा भारतातूनही देता येते. आपल्याकडच्या मुली अडकतात त्या नावापाशी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचे आडनाव, पासपोर्टवर सासरचे, मध्ये कधी वडिलांचे तर कधी नवऱ्याचे नाव. परीक्षेच्या नोंदणीतले नाव पासपोर्टशी जुळले नाही तर केंद्रावर आत घेत नाहीत आणि फी बुडते. गुणपत्रके व नोंदणीची पडताळणी कॉलेज आणि कौन्सिलकडून थेट जावी लागते, त्यामुळे हे काम गावी असतानाच मार्गी लावा.

पुढचा प्रश्न राज्याचा. नर्स लायसन्सर कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांचे नर्सिंग लायसन्स मानण्याचा राज्यांमधला करार) असलेल्या राज्याचे तुम्ही कायम रहिवासी असाल तर एकाच मल्टिस्टेट लायसन्सवर सगळ्या सदस्य राज्यांत काम करता येते. त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर, बोटांच्या ठशांची तपासणी आणि त्याच राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. टेक्सास, फ्लोरिडा सदस्य आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क नाहीत. तिथे एंडोर्समेंटने, म्हणजे आधीच्या लायसन्सच्या आधारे, वेगळे लायसन्स काढावे लागते, आणि ते हातात येण्याआधी कराराची तारीख ठरवणे हा जुगार आहे. एका कॉम्पॅक्ट राज्यातून दुसऱ्यात कायमचे राहायला गेलात तर ६० दिवसांत नव्या राज्यात अर्ज करा.

एजन्सीच्या फाइलमध्ये बीएलएस व एसीएलएस कार्ड (हृदय थांबल्यावर जीव वाचवण्याच्या प्राथमिक व प्रगत प्रशिक्षणाची; दोन्ही दोन वर्षे चालतात), स्किल्स चेकलिस्ट आणि अलीकडच्या चार्ज नर्सचे (शिफ्टची प्रमुख नर्स) किंवा मॅनेजरचे दोन संदर्भ असतात. चेकलिस्टमध्ये सीआरआरटी (सतत चालणारे डायलिसिस) किंवा बलून पंपपुढे (हृदयाला आधार देणारे यंत्र) उगाच ‘तरबेज’ लिहू नका. मॅनेजर फोनवर नेमके तेच विचारते. सीसीआरएन हे अतिदक्षता नर्सिंगचे प्रमाणपत्र सक्तीचे नसते, पण अर्ज वर सरकतो. त्याच्या परीक्षेला बसण्यासाठी मागच्या दोन वर्षांत १,७५० तास अतिगंभीर रुग्णांची थेट सेवा हवी, त्यातले ८७५ अलीकडच्या वर्षातले.

आरोग्य तपासणीत गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या व हेपटायटिस-बीचे टायटर (रक्तातली प्रतिकारशक्ती मोजणारी चाचणी), ड्रग टेस्ट आणि एन-९५ फिट टेस्ट (मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का, याची) येते. बाळपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची टीबी चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रेचा फेरा लागतो. सरळ आयजीआरए ही रक्तचाचणी मागा.

करारात तीन कलमे शोधा: हमीचे तास (बहुधा आठवड्याला ३६), रुग्ण कमी झाल्यास शिफ्ट रद्द करण्याची मुभा, आणि फ्लोटिंग. ट्रॅव्हलरला सर्वात आधी दुसऱ्या वॉर्डात धाडतात, म्हणून कुठल्या युनिटपर्यंत, हे लिहूनच घ्या. राहण्या-जेवण्याचा भत्ता करमुक्त दाखवतात, पण त्यासाठी कर-कायद्याच्या भाषेत ‘टॅक्स होम’ हवे: मूळ घराचा खर्चही तुम्ही खरोखर उचलत असला पाहिजे. घर सोडून फिरणाऱ्या नर्सचा तो भत्ता करपात्र ठरतो. एकाच ठिकाणी एका वर्षापेक्षा जास्त काम अपेक्षित असले तरीही तेच.