पालकांची सही आणि अठराची अट : बाल-किशोर मानसोपचाराची पार्श्वभूमी

भारतातील मुलांच्या मानसोपचाराची सुरुवात समाजकार्याच्या शिक्षणातून झाली. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था निघाली आणि तिने पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र चालू केले. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि घरभेटी देणारा समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून मूल समजून घ्यायचे, ही त्या पद्धतीची रीत होती. मुलाशी खेळातून संवाद चालू असताना आईवडिलांशी स्वतंत्रपणे बोलणे हा उपचाराचाच भाग मानला जाई. पालकांनाही आधार हवा, हा विचार त्यामुळे आपल्याकडे नवा नाही. मात्र मूल केंद्रात येई ते पालकांचे बोट धरून किंवा शाळेने पाठवले म्हणून. ते स्वतःहून मदत मागेल, ही शक्यता त्या रचनेत धरलेली नव्हती.

पुढची पन्नास वर्षे या क्षेत्राचा विस्तार मुख्यतः मोठ्या शहरांपुरता राहिला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला आणि १९९६ पासून जिल्ह्यांत उतरू लागला, पण त्याचा भर प्रौढांच्या तीव्र आजारांवर होता. महाराष्ट्रात मध्यमवर्गीय पालकांना मानसशास्त्रज्ञाच्या दारापर्यंत आणले ते प्रामुख्याने अभ्यासाने. अध्ययन अक्षमता (म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ आणि अन्य सवलती देण्याचे धोरण राज्याने १९९६ मध्ये स्वीकारले आणि त्यासाठीच्या प्रमाणपत्राकरिता पालक मुंबईतील महापालिका रुग्णालयांत येऊ लागले. दहावीच्या सवलतीसाठी आणलेल्या मुलाशी बोलताना घरातली भांडणे, मार आणि परीक्षेची धास्तीही पुढे येते, हे या कामातल्या माणसांना चांगलेच ठाऊक आहे.

आज ज्या मुद्द्यावर सर्वाधिक मतभेद आहेत, तो २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातून आला आहे. हा कायदा २०१८ मध्ये अंमलात आला. रुग्णाचे हक्क केंद्रस्थानी ठेवणारा कायदा म्हणून त्याचे स्वागत झाले आणि प्रौढांच्या बाबतीत ते योग्यच होते. मुलांच्या बाबतीत मात्र त्याने अठरा वर्षांची एकच रेषा ओढली. अल्पवयीन व्यक्तीचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, हा तिचा कायदेशीर पालक; दाखल करण्याचा अर्ज त्याने करायचा आणि उपचारांना संमतीही त्यानेच द्यायची. कलम ८७ मधील काही संरक्षणे मोलाची आहेत : दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणे, मुलांना प्रौढांपासून वेगळे ठेवणे, सोबतीला जवळचे माणूस असणे आणि दाखल केल्याची खबर ७२ तासांत पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर देखरेख ठेवण्यासाठी या कायद्याने नेमलेल्या मंडळाला, देणे. पण हे सारे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. बहुसंख्य मुले दाखल होत नाहीत. ती आठवड्यातून एकदा येऊन तासभर बोलतात आणि घरी जातात. त्यांच्या संमतीबद्दल कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही, त्यामुळे सावध उपचारक दाखल करण्याचाच नियम बोलण्यालाही लावतात.

याउलट फौजदारी कायद्याची जुनी कलमे बारा वर्षांची रेषा मानत आली. बारा वर्षांखालील मुलाची संमती ही संमती नव्हे, असे भारतीय दंड संहितेने म्हटले होते. त्यावरून बारा वर्षांवरील मूल साध्या तपासणीला स्वतः होकार देऊ शकते, असा अर्थ वैद्यकीय व्यवहारात लावला गेला. दंड संहितेच्या जागी जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेनेही तीच रेषा कायम ठेवली आहे. म्हणजे पंधरा वर्षांची मुलगी एका वाचनाप्रमाणे स्वतःहून तपासून घेऊ शकते, पण दुसऱ्या वाचनाप्रमाणे तिला आपल्या भीतीबद्दल बोलण्यासाठीही वडिलांची सही लागते. त्या भीतीचे कारण घरातच असेल, तर ही सही कोणाकडे मागायची? पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असल्यास मंडळाने दुसरा प्रतिनिधी नेमावा, अशी सोय मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. परंतु त्यासाठी कोणीतरी मंडळापुढे पुराव्यासह अर्ज करावा लागतो आणि तोवर मुलाने त्याच घरात राहायचे असते.

गोपनीयतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रतिनिधीला आपले कर्तव्य पार पाडता यावे म्हणून माहिती देण्याची मुभा हाच कायदा देतो, त्यामुळे मुलाने काय सांगितले हे विचारण्याचा आधार पालकांना मिळतो. शिवाय बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलावरील अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले असून, न कळवल्यास शिक्षा आहे. म्हणून जाणता उपचारक पहिल्याच भेटीत पालक आणि मूल दोघांना समोर बसवून सांगतो की इथले बोलणे इथेच राहील, मात्र जिवाला धोका, दुसऱ्याला इजा किंवा अत्याचार असेल तर ते कळवावे लागेल. मग पालक बाहेर जातात. ही पाच मिनिटे नीट गेली नाहीत, तर पुढच्या भेटी पोकळ ठरतात.

मागणी किती आहे, याचा अंदाज २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून येतो. त्यात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. दरम्यान, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी १९९२ च्या पुनर्वसन कायद्याखाली होत आली, तर समुपदेशक २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यापर्यंत कोणत्याही केंद्रीय नोंदणीबाहेर होते. पालकांनी कोणाकडे जावे, याचे उत्तर त्यामुळे बराच काळ ओळखीपाळखीवर अवलंबून राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधीच्या प्रकरणात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि पालकांसाठीही जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असे निर्देश दिले. हे प्रत्यक्षात आले तर संमतीचा प्रश्न रोजचा होईल, कारण मधल्या सुटीत समुपदेशकाकडे येणारा विद्यार्थी पालकांना सोबत आणत नसतो. दाखल करणे आणि औषधे यांसाठी पालकांची संमती राहू द्यावी. पण सोळा वर्षांवरील मुलांना बोलण्याच्या पहिल्या काही भेटी स्वतःच्या होकारावर मिळाव्यात आणि पालकांना केव्हा सामील करून घ्यायचे हे उपचारकाने त्या मुलाशी बोलून ठरवावे, एवढी तरी तरतूद लेखी व्हायला हवी.