माइंडफुल वॉटरकलर पेंटिंग

माइंडफुल वॉटरकलर पेंटिंग म्हणजे चित्र चांगलं यायलाच हवं हा हट्ट बाजूला ठेवून, पाणी, रंग आणि कागद यांच्यात त्या क्षणी काय चाललंय तिकडे लक्ष देत केलेलं जलरंगाचं काम. सेल्फ केअरचा एक प्रकार म्हणून हे केलं जातं. याला चित्रकला येण्याची अट नाही, क्लास लावायची गरज नाही आणि शेवटी फ्रेम करण्याजोगं काही हातात यायलाच पाहिजे असंही नाही. वीस-तीस मिनिटं, एक छोटा कागद, दोन-तीन रंग, एवढ्यावर भागतं. हे आर्ट थेरपीपेक्षा वेगळं आहे, कारण आर्ट थेरपी म्हणजे प्रशिक्षित थेरपिस्टसोबत केलेले उपचार आणि हा आपला आपण करायचा सराव, पण लोक या दोन गोष्टींची बऱ्याचदा सरमिसळ करतात म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

हाच मीडियम का

माइंडफुलनेससाठी कुठलीही कला चालते, विणकाम चालतं, माती चालते, मग वॉटरकलरमध्ये वेगळं काय? तर यात पाण्याचं स्वतःचं असं एक चालणं असतं आणि ते आपल्या ताब्यात पूर्ण कधीच येत नाही. ऑइलमध्ये किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये रंग जिथे लावला तिथे बहुतेक तसाच राहतो, नाही आवडला तर वरून दुसरा थर देता येतो. वॉटरकलर पारदर्शक असतो, खालचं सगळं दिसतं, पांढरा म्हणजे कागदच, त्यामुळे झाकायला जागाच नाही. ओल्या कागदावर रंगाचा ब्रश टेकवला की रंग पसरायला लागतो आणि तो कुठपर्यंत जाईल हे कागदात किती पाणी आहे, ब्रशमध्ये किती आहे, हवेत ओल किती आहे, कागद कुठल्या बाजूला कलता आहे यावर ठरतं. तुम्ही फक्त सुरुवात करून देता. मनाला सारखं कंट्रोल हवं असतं आणि इथे ते अर्धंच मिळतं, हे हाताने अनुभवणं हा या सरावाचा गाभा आहे असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वाट बघणं. याबद्दल खाली सविस्तर येईलच कारण तो भाग लोक सर्रास सोडून देतात.

मागची गोष्ट

वॉटरकलर तसा फार जुना मीडियम आहे. अल्ब्रेख्त ड्युररने 1503 मध्ये रंगवलेला गवताचा एक तुकडा आजही व्हिएन्नाच्या अल्बर्टिना म्युझियममध्ये आहे, त्यात कुठलाही राजा नाही, देव नाही, साधं माजलेलं गवत आणि रानटी रोपं आहेत पण प्रत्येक पातं वेगळं बघितलेलं आहे. त्या काळी माइंडफुलनेस वगैरे कोणी म्हणत नव्हतं, तरी लक्ष देऊन बघणं म्हणजे काय हे समजायला त्या चित्राइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

हौशी माणसाच्या हातात वॉटरकलर आला तो सामान सोपं झाल्यावर. आधी चित्रकाराला रंग स्वतः घोटायला लागायचे. इंग्लंडमध्ये 1780 च्या सुमारास रीव्हज बंधूंनी रंगाच्या तयार घट्ट वड्या, म्हणजे केक, विकायला सुरुवात केली आणि 1832 मध्ये सुरू झालेल्या विन्सर अँड न्यूटनने पुढे ग्लिसरीन घातलेले मऊ रंग आणले जे ओला ब्रश लावला की लगेच सुटायचे. खिशात मावेल अशी रंगपेटी झाली आणि मग प्रवासात, फिरायला जाताना, घरी बसून लोक रंगवायला लागले.

आजारपणात चित्र काढणं उपयोगी पडतं हा विचार नावारूपाला आणला एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने. तो टीबीने सॅनेटोरियममध्ये पडून होता तेव्हा त्याने स्वतःसाठी चित्रं काढली, मग इतर रुग्णांना काढायला लावली आणि 1942 मध्ये आर्ट थेरपी हा शब्द वापरात आणला. माइंडफुलनेसची आजची पद्धत मात्र वेगळ्या वाटेने आली. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलमध्ये ताण कमी करण्याचा प्रोग्रॅम सुरू केला, मूळ बौद्ध ध्यानपरंपरेतलं पण धर्माची चौकट बाजूला ठेवून, म्हणजे आत्ता जे आहे तिकडे मुद्दाम लक्ष द्यायचं आणि त्याला चांगलं-वाईट ठरवायचं नाही. हे दोन प्रवाह नंतर एकत्र आले आणि त्यातून रंग-कागद घेऊन ध्यान करायची ही पद्धत तयार झाली.

सामान

इथे एकच गोष्ट आग्रहाने सांगण्यासारखी आहे, ती म्हणजे कागद. रंग साधे चालतील, ब्रश एक चालेल, पण कागद पातळ असेल तर तो पाण्याने फुगतो, लाटा येतात, रंग खड्ड्यात जाऊन साचतो आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) वॉटरकलर पेपर घ्यावा, शक्य असेल तर कॉटनचा, कारण त्यावर पाणी जास्त वेळ टिकतं आणि रंगाला फिरायला वेळ मिळतो. महाग कागद वाया जाईल या भीतीने हात आखडत असेल तर एका शीटचे पोस्टकार्डएवढे तुकडे करून ठेवावेत, लहान तुकड्याची भीती वाटत नाही. कोल्ड प्रेस म्हणजे थोडा खरखरीत, तो सुरुवातीला बरा, हॉट प्रेस गुळगुळीत असतो आणि त्यावर रंग घसरत राहतो.

रंगात मुख्य दोन गोष्टी, पिगमेंट म्हणजे रंगाची बारीक पूड आणि गम अरेबिक म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, जो पिगमेंटला कागदाला धरून ठेवतो. दोन रंगांवर महिनोन्‌महिने काम करता येतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ही जोडी घेतली तर एकीकडे निळा, दुसरीकडे विटकरी तपकिरी आणि मधे राखाडीच्या इतक्या छटा मिळतात की डोळ्यांना काम पुरतं. अल्ट्रामरीन सुकताना दाणेदार होतो, त्याचे कण कागदाच्या खळग्यात जाऊन बसतात, ते बसताना बघणं हा या सरावातला सगळ्यात सुंदर भाग आहे. थॅलो ब्लू याच्या अगदी उलट, तो कागदात मुरतो आणि टिश्यूने टिपला तरी पुरता निघत नाही, त्यामुळे सुरुवातीला तो नसलेलाच बरा.

सराव कसा करतात

ठरलेली अशी एकच पद्धत नाही. बहुतेक जण आधी नुसतं पाणी लावतात. स्वच्छ ब्रशने कागद ओला करायचा, रंग नाही, काही नाही, आणि कागद तिरका धरून त्यावरची चमक बघायची. मग ब्रशच्या टोकावर थोडा रंग घेऊन एकदाच टेकवायचा आणि हात मागे घ्यायचा. हात मागे घेणं हेच अवघड जातं, लगेच दुसरा ठिपका द्यावासा वाटतो, पसरलेला रंग ढकलून जागेवर आणावासा वाटतो, ती इच्छा उठते आणि थोड्या वेळाने विरते, तिच्याकडेही रंगाकडे बघतो तसंच बघायचं. ओल्या कागदावर असा ओला रंग सोडण्याला वेट ऑन वेट म्हणतात.

श्वासाबरोबर रेघा ओढणं हा आणखी एक प्रकार. श्वास घेताना ब्रशचं टोक हलकं ठेवून बारीक रेघ, सोडताना ब्रश दाबून जाड, असं कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. रेघा वाकड्या येतात आणि येऊ द्याव्यात. ज्यांना डोळे मिटून ध्यानाला बसलं की विचारांचा गोंगाट वाढतो त्यांना हे जास्त सोपं पडतं, कारण लक्ष ठेवायला समोर काहीतरी हलतं असतं.

कोऱ्या कागदाची धास्ती वाटत असेल तर साधे गोल काढावेत. एक गोल रंगवायचा, तो ओला असतानाच त्याला खेटून दुसरा, वेगळ्या रंगाचा, आणि जिथे दोघं टेकतात तिथून एकाचा रंग दुसऱ्यात कसा शिरतो ते बघत राहायचं. समोर एखादं पान किंवा फळ ठेवून त्याकडे बघत रंगवणं हे त्यानंतरचं, त्यात आपल्याला माहीत असलेला हिरवा आणि डोळ्यांना खरंच दिसणारा हिरवा यात किती फरक असतो ते कळतं.

वाट बघणं

वॉटरकलरमध्ये हात चालतो कमी वेळ आणि थांबायला लागतं जास्त. पहिला थर पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा दिला तर रंग मळतात. अर्धवट सुकलेल्या भागात पाणीदार ब्रश लागला की ते पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि फुलकोबीसारख्या कडा असलेला डाग उमटतो, त्याला ब्लूम म्हणतात. मग आपण थांबतो, आणि या थांबण्यात लोक हेअर ड्रायर काढतात किंवा फोन उचलतात. फोन उचलला की सरावाचा अर्धा फायदा गेला असं मी म्हणेन, कारण रंगवताना मन आपोआप गुंततं, तिथे वेगळं लक्ष द्यावं लागतच नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने ज्याला फ्लो म्हटलं ती ही अवस्था, त्यात माणूस वेळ विसरतो, स्वतःला विसरतो. माइंडफुलनेसमध्ये उलट आपण इथे आहोत, हे करतोय, मनात हे येतंय याची जाणीव जागी असते. दोन्ही चांगलं आहे पण दोन्ही एकच नाही आणि वॉटरकलरमध्ये ते आलटून पालटून येतं, कागद ओला असताना फ्लो आणि सुकताना बसून राहणं हा माइंडफुलनेसचा खरा सराव.

सुकणं बघायला बरंच काही असतं. आधी कागद चमकतो, मग चमक कमी होत जाते, मग मॅट दिसायला लागतो पण अजून आत ओल असते. ते ओळखायची जुनी युक्ती म्हणजे हाताची मागची बाजू कागदाला हळूच लावायची, गार लागला तर अजून पाणी उडतंय, साध्या कागदाइतकाच लागला तर सुकला. रंग ओला असताना गडद दिसतो आणि सुकल्यावर फिका पडतो, हे दर वेळी होतं आणि दर वेळी आपण फसतो. कोरड्या कागदावर रंगाचं डबकं ठेवलं तर सुकताना कडेला गडद रेघ तयार होते कारण कडेकडचं पाणी लवकर उडतं, मग मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद असतो तो याच कारणाने आणि त्याचं भौतिकशास्त्र 1997 मध्ये नेचर जर्नलमध्ये मांडलं गेलं. हे माहीत झाल्यावर ती रेघ चूक वाटत नाही, घडताना बघावीशी वाटते.

अभ्यास काय सांगतात

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी केलेला 2016 चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. 39 प्रौढांना 45 मिनिटं मोकळेपणाने कलाकृती करायला दिली आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, मोजलं. सुमारे 75 टक्के लोकांचं कॉर्टिसॉल कमी झालं आणि आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नाही. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण मला चित्र येत नाही हे कारण तिथे संपतं. पण हेही लक्षात ठेवायला हवं की तिथे मार्कर, माती आणि कोलाजचं सामान होतं, वॉटरकलर नव्हता, अभ्यास छोटा होता आणि काहींचं कॉर्टिसॉल वाढलंही. 2005 च्या करी आणि कॅसर यांच्या अभ्यासात मंडल म्हणजे गोलाकार नक्षी किंवा चौकड्यांची डिझाइन रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली, म्हणजे पूर्ण मोकळीक दिली की मन शांत होईलच असं नाही, थोडी चौकट मदत करते. गोलांचा किंवा रेघांचा सराव म्हणूनच सुरुवातीला बरा.

मर्यादा आणि काळजी

खोल नैराश्य, ट्रॉमा, झोप पार उडालेली, अशा वेळी हा सराव उपचारांच्या जागी ठेवू नये, सोबत चालतो. शांत बसून लक्ष देताना काहींना जुन्या त्रासदायक गोष्टी वर येतात, तसं झालं तर ब्रश खाली ठेवून उठावं, पूर्ण करायलाच पाहिजे असं काही नाही. परफेक्शनची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला शांत करण्याऐवजी चिडवतंच, त्यांनी काही दिवस कागद कोणालाही न दाखवणं, फोटोही न काढणं खूप उपयोगी ठरतं, कारण कोणीतरी बघणार आहे हे डोक्यात आलं की हात त्या बघणाऱ्यासाठी चालायला लागतो.

ब्रशला टोक आणायला तो तोंडात धरायची सवय मात्र लावू नये, कॅडमियम आणि कोबाल्टचे काही रंग पोटात जाण्यासारखे नसतात, आणि रंगाच्या पाण्याचा ग्लास पिण्याच्या ग्लासपासून लांब ठेवावा.

आणि झालेल्या पानाचा अर्थ लावत बसू नये, स्वतःच्याही नाही आणि दुसऱ्याच्या तर नाहीच. काळा जास्त वापरला म्हणजे उदास, लाल म्हणजे राग असले तक्ते सगळीकडे फिरत असतात पण एका पानावरून कोणाच्या मनाचं निदान होत नाही, आर्ट थेरपिस्टसुद्धा काढणाऱ्याशी बोलूनच पुढे जातो. काळा कदाचित पॅलेटवर तोच ओला होता म्हणून वापरलेला असतो.