क्लोज-अप जादू, लेट नाइट टॉक शोवरची

लेट नाइट टॉक शोमध्ये जादूगार पाहुणा म्हणून येतो, सूत्रसंचालकाच्या टेबलाशी बसतो आणि पत्ते, नाणी, नोटा, अंगठी, दोरा, कागदाचे बोळे असल्या मुठीत मावणाऱ्या वस्तूंनी चार-पाच मिनिटांत जे करून दाखवतो ती ही जादू. पेटीतली बाई कापणं, माणूस अधांतरी ठेवणं हा स्टेजचा प्रकार यात धरत नाहीत. इथे बघणारा हातभर अंतरावर असतो आणि पुष्कळदा वस्तू त्याच्याच मुठीत असते.

मराठीत याला हातचलाखी हा चांगला जुना शब्द आहे पण त्याला फसवाफसवीचा वास चिकटलाय, हिशोबात हातचलाखी केली असंही आपण म्हणतोच. गारुड हा शब्द मुळात सापाच्या विषाशी आणि गरुडाशी जोडलेला, नजरबंदी म्हटलं की मंत्रतंत्र आलं. त्यामुळे धंद्यातली माणसं सरळ क्लोज-अप म्हणतात, पामिंग (वस्तू तळव्यात लपवणं), फोर्सिंग (आपल्याला हवं तेच पान समोरच्याला घ्यायला लावणं), मिसडायरेक्शन (लक्ष दुसरीकडे वळवणं), गिमिक (युक्तीसाठी मुद्दाम बनवलेली वस्तू) हे शब्दही तसेच वापरतात, आणि या नोंदीतही तेच ठेवलेत.

उगम. या जादूची वंशावळ सगळे वाटी-गोळ्यांच्या खेळापर्यंत (पालथ्या वाट्यांखालच्या गोळ्या गायब करायच्या आणि परत काढायच्या) नेतात आणि खरा वाद तिथेच आहे. इजिप्तमध्ये बेनी हसन इथल्या बाकेत तिसरा याच्या थडग्यात (थडगं क्र. 15) एक भित्तिचित्र आहे, दोन माणसं समोरासमोर बसलीत आणि मध्ये पालथ्या वाट्यांसारखं काहीतरी आहे. जादूच्या जुन्या पुस्तकांनी हे चित्र इ. स. पू. 2500 चं ठरवून जगातला पहिला जादूचा प्रयोग म्हणून छापलं आणि पुढे प्रत्येकाने तेच उतरवून घेतलं. पण थडगं अकराव्या राजवंशाच्या काळातलं मानतात, म्हणजे इ. स. पू. 2000 च्या आसपासचं, आणि चित्रात वाट्या आहेत का भाकरी आहेत का दुसराच एखादा खेळ आहे यावर इजिप्तच्या अभ्यासकांत एकमत नाही. चित्रात गोळी कुठेच दिसत नाही हा मुद्दा मला तरी वजनदार वाटतो. त्यापेक्षा रोमन लेखक सेनेका याचा पुरावा पक्का म्हणायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने ल्युसिलियसला लिहिलेल्या 45 व्या पत्रात जादूगारांच्या वाट्या आणि खड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि फसवणूक होते त्यातच मजा आहे, ते कसं करतात हे कळलं की खेळ गेला, अशा अर्थाचं तो म्हणतो. युक्त्या कशा करायच्या याचं सविस्तर वर्णन असलेलं इंग्रजीतलं महत्त्वाचं पुस्तक रेजिनाल्ड स्कॉटचं, 1584 चं, आणि ते लिहिलं गेलं चेटकिणी म्हणून बायकांना छळायचा प्रकार खोटा आहे हे दाखवायला. हातचलाखी उघड करून अंधश्रद्धेवर बोट ठेवायचं ही पद्धत इतकी जुनी आहे, खाली ती परत येईल.

आपल्याकडे इंद्रजाल हा शब्द अथर्ववेदाइतका जुना आहे, पण तिथे त्याचा अर्थ शत्रूला पकडायचं इंद्राचं जाळं असा आहे, हातचलाखीशी त्याचा संबंध लावणं ओढूनताणून होतं. सातव्या शतकातल्या हर्षाच्या रत्नावली नाटिकेत चौथ्या अंकात ऐंद्रजालिक येतो, आकाशात देव दाखवतो, राजवाड्याला आग लागल्याचा भास करतो, म्हणजे हाही भव्य देखाव्याचाच प्रकार. जहांगीराच्या आठवणींतले बंगाली जादूगारांचे खेळ नेहमी पुराव्याला काढतात, पण तो भाग ज्या हस्तलिखितातून 1829 च्या इंग्रजी भाषांतरात आला ते अस्सल नाही असंच बहुतेक जाणकार मानतात, तेव्हा तो जपून वापरावा. भारतीय वाटी-गोळ्यांची ओळख कागदापेक्षा हातात जास्त सापडते. आपला खेळिया जमिनीवर मांडी घालून बसतो, वाटीला वर गुंडी असते, ती गुंडी बोटांच्या बेचक्यात धरून वाटी उचलतो आणि गोळ्या कापडाच्या असतात, पडल्या तरी आवाज होत नाही. युरोपातला जादूगार टेबलामागे उभा राहतो, त्याला खिसा आणि टेबलाची मागची कड मिळते. टॉक शोवर आलेली जादू ही टेबलवाली.

फाळके आणि नाशिक. कॅमेऱ्यासमोर हातचलाखी या विषयात नाशिकचं नाव घ्यायलाच हवं आणि ते दादासाहेब फाळक्यांमुळे. त्र्यंबकेश्वरला 30 एप्रिल 1870 ला जन्मलेले फाळके सिनेमाच्या आधी जादूचे प्रयोग करायचे आणि स्वतःला प्रोफेसर केळफा म्हणवून घ्यायचे, फाळके उलटं वाचलं की केळफा होतं. 3 मे 1913 ला मुंबईत राजा हरिश्चंद्र लागला, त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवलं आणि पुढची चित्रं इथे काढली. त्यातलंच एक छोटं चित्र म्हणजे प्रोफेसर केळफाच्या जादू, याचं साल कोणी 1916 देतं कोणी 1917. फाळक्यांचं निधनही नाशिकलाच, 16 फेब्रुवारी 1944 ला, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे.

फाळके जादू कोणाकडे शिकले यावर मात्र बराच गोंधळ आहे. ते एका जर्मन जादूगाराकडे शिकले ही गोष्ट सगळीकडे आहे, आणि अलीकडे त्या जर्मनाला कार्ल हर्ट्झ हे नाव लावून शिवाय तो सिनेमाचं यंत्र काढणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी नोकरीला ठेवलेल्या 40 जादूगारांपैकी एक होता असंही लिहितात. यात दोन अडचणी आहेत. कार्ल हर्ट्झ हा अमेरिकन, सॅन फ्रान्सिस्कोचा, जन्म 1859. दुसरं म्हणजे 1896 मध्ये तो दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाला हलती चित्रं दाखवत फिरला तेव्हा त्याच्याकडचं यंत्र ल्युमिएरचं नव्हतं, लंडनच्या रॉबर्ट पॉलचं होतं. तेव्हा फाळके एका परदेशी जादूगाराकडे शिकले एवढंच धरावं, हर्ट्झचं नाव गुरू म्हणून पक्कं करू नये हे बरं.

फाळक्यांपाशी एक फाटा फुटतो तो नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फ्रान्समध्ये मेलिएस आणि इकडे फाळके, दोघंही जादूगार, आणि दोघांनीही कॅमेराच जादू करायला लावला, म्हणजे कॅमेरा थांबवायचा, माणूस हलवायचा, परत सुरू करायचा की माणूस गायब. टॉक शोवरची क्लोज-अप जादू ही बरोबर उलट्या वाटेने गेली. इथे कॅमेऱ्याने काहीही करायचं नाही, नुसतं बघायचं. मध्ये शॉट तुटला की घरी बसलेला माणूस म्हणतो हे एडिटिंग आहे आणि तिथे जादू मेली, मग हात कितीही तयार असो.

टीव्हीवरचा प्रवास. पी. सी. सरकार यांचा 9 एप्रिल 1956 चा बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमातला प्रयोग टॉक शोही नव्हे आणि क्लोज-अपही नव्हे, करवतीने मुलगी कापायचा खेळ होता, पण टीव्हीचं घड्याळ जादूला काय करतं ते त्यातून दिसतं. मुलगी उठायच्या आधीच निवेदक रिचर्ड डिंबलबी यांनी वेळ संपल्याचं सांगून कार्यक्रम संपवला आणि मुलगी मेली का म्हणून विचारणाऱ्या फोननी बीबीसीच्या लाइन जाम झाल्या. हॉलंडचे जादूगार फ्रेड कॅप्स याच्या उलट नशिबाचे, 9 फेब्रुवारी 1964 ला एड सलिव्हन शोमध्ये ते आले आणि त्याच रात्री बीटल्स पहिल्यांदा तिथे गात होते, कॅप्सकडे लक्ष देणार कोण, आणि हा माणूस तोपर्यंत तीनदा जादूची जागतिक ग्रांप्री जिंकलेला.

टॉक शोचा खरा साचा अमेरिकेत द टुनाइट शोने पाडला, 1954 पासून. 1962 ते 1992 अशी 30 वर्षं तो जॉनी कार्सन यांच्याकडे होता आणि कार्सन स्वतः पोरवयात द ग्रेट कार्सोनी नावाने जादू करायचे, त्यामुळे जादूगारांना त्या टेबलाशी मान मिळाला. पण याच टेबलावर 1973 मध्ये उरी गेलर यांची फजिती झाली. गेलर मनाच्या शक्तीने चमचे वाकवतो असं सांगायचे. कार्सनच्या लोकांनी आधी जादूगार जेम्स रँडी यांचा सल्ला घेतला, सल्ला साधा होता, वस्तू आपल्या ठेवा आणि कार्यक्रमाआधी गेलर किंवा त्यांच्या माणसांना त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका. मग वीस मिनिटांच्या आसपास गेलर नुसते बसून राहिले, आज शक्ती येत नाही म्हणाले. महाराष्ट्रात हे वाचताना अंनिसची, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, आठवण येणारच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली ही चळवळ शाळा-कॉलेजात चमत्कारांचं सादरीकरण करते, लिंबू कापलं की लाल रस येतो तो सुरीला लावलेल्या मिथाइल ऑरेंजमुळे, आम्लात ते लाल होतं, हे तिथे पोरांना करून दाखवतात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही चमत्काराच्या नावाखाली लोकांना लुबाडणाऱ्यांवर आहे. मी हातचलाखी करतो असं सांगून करणारा जादूगार आणि शक्ती आहे म्हणणारा बाबा यांच्यात जी रेघ रँडी मारत होते तीच इथे मारली गेली, त्यासाठी दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला जीव गमवावा लागला.

डिक कॅव्हेट हेही जादूचे वेडे, त्यांच्या शोवर 1970 च्या दशकात टोनी स्लायडिनी आले होते. स्लायडिनींचा कागदी बोळ्यांचा खेळ असा की समोर बसलेल्या माणसाला ते बोळा मुठीत घेतला असं दाखवतात आणि खरं तर त्याच्या डोक्यावरून मागे फेकतात. सगळ्या प्रेक्षकांना दिसतं, फक्त त्या एकाला दिसत नाही, तो बिचारा उघडी मूठ बघून हबकतो. बोळा डोक्यावरून जातो तेव्हा त्या माणसाची नजर स्लायडिनींच्या दुसऱ्या हाताबरोबर बरोब्बर खाली गेलेली असते, एकदा तो हात सोडून फक्त त्या माणसाचे डोळे बघावेत, मिसडायरेक्शन म्हणजे काय ते दुसऱ्या कशाने इतकं कळत नाही. 2014 पासून टुनाइट शो जिमी फॅलन यांच्याकडे आला आणि डेव्हिड ब्लेन, डॅन व्हाइट असे जादूगार तिथे दिसू लागले. ब्लेन यांच्या 1997 च्या स्ट्रीट मॅजिकपासून कॅमेरा पत्त्यांपेक्षा बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर जास्त रेंगाळायला लागला होता, टॉक शोनेही तेच उचललं.

तंत्र. सूत्रसंचालक हा इथला खरा प्रेक्षक, घरच्यांच्या वतीने पान तोच ओढतो, सही तोच करतो. तो बाजूला बसतो, कॅमेरा समोर, स्टुडिओतली माणसं आणखी तिसरीकडे, म्हणजे जादूगाराला तीन कोन सांभाळायचे. एकाच बाजूने चालणाऱ्या युक्त्या म्हणून बाद होतात. टेबल गुळगुळीत असतं, पान उचलताच येत नाही, त्यामुळे मऊ मॅट अंथरतात. दिव्यांच्या झोतात पानं चमकली की बदाम आहे का चौकट ते कॅमेऱ्याला कळत नाही, मग पान किंचित पुढे झुकवून धरायचं. पोकर साइझचं पान 63 मिलिमीटर रुंद, ब्रिज साइझचं 57, हे सहा मिलिमीटर पाम करताना कळतात, लहान पंजाच्या माणसाने ब्रिजचा कॅट घेतलेला बरा. दोन पानं एक म्हणून उचलणं हे या सगळ्याचं बाराखडीतलं अ आहे आणि क्लोज-अप शॉटमध्ये तेच सगळ्यात आधी उघडं पडतं.

नाण्यांचं गणित वेगळं. अमेरिकेतले जादूगार अर्ध्या डॉलरवर शिकतात, तो 30.6 मिलिमीटरचा. आपलं 10 रुपयांचं नाणं 27 मिलिमीटर आणि रुपया तर 22 च्या आसपास, तळव्यात धरलं की निसटतं. म्हणून इकडचे शिकणारे राणीछाप रुपया शोधतात, चांदीचा, 11.66 ग्रॅमचा, तीसेक मिलिमीटरचा आणि कडेला दातेरी, तळव्याच्या मांसात ती कड बसते ती हलत नाही. नाशकात सराफ बाजारात तो मिळतो, भाव मात्र चांदीचा. नोटांच्या खेळात सही केलेली नोट लिंबातून काढणं हा एमिल जॅरो यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार टीव्हीला फार सोयीचा आहे कारण नोटेचा नंबर कॅमेऱ्यापुढे वाचता येतो. आपल्या हातातली नोट 1928 पासून चालू असलेल्या नाशिकरोडच्या प्रेसमधली असू शकते, नंबर दोनदा पडत नाही या भरवशावरच हा खेळ उभा आहे.

मराठी आणि हिंदीत. हिंदीत या साच्याचा शो म्हणजे 1997 चा शेखर सुमन यांचा मूव्हर्स अँड शेकर्स. मराठी वाहिन्यांवर गप्पांचे कार्यक्रम भरपूर आहेत पण त्यात पाहुणा बहुतेक नट, गायक किंवा पुढारी असतो. महाराष्ट्रात जादू घरोघरी पोचवली ती पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी, आणि ती नाट्यगृहात, स्टेजवरची. आताच्या पिढीत सुहानी शाह यांना 2025 मध्ये इटलीत तुरिनला फिझम या जादूगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जागतिक स्पर्धेत ऑनलाइन जादूसाठी पारितोषिक मिळालं, आणि जादूचा कॅमेरा आता टीव्हीच्या स्टुडिओतून निघून फोनमध्ये आलाय हे त्यातून दिसतं. नाशकात अमेरिकेचे हे शो कोणी रात्री बघत नाही, न्यूयॉर्कला 11:35 होतात तेव्हा इथे सकाळचे 9:05 वाजलेले असतात, हिवाळ्यात 10:05, म्हणजे मिसळीची वेळ, तर्रीची वाटी एका हातात आणि फोन दुसऱ्यात.

गंगेवर, म्हणजे नाशकात गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात एक वाटी-गोळीवाला मी बघितलाय, पोत्यावर बसलेला, तीन वाट्या, कापडाच्या गोळ्या. एक पोरगा त्याच्या डाव्या अंगाला उकिडवा बसून खालून फोनवर शूटिंग करत होता आणि त्या कोनातून वाटीत जाणारी गोळी सरळ दिसत होती. म्हाताऱ्याने खेळ थांबवला नाही, बोलणंही थांबवलं नाही, फक्त डावा गुडघा इंचभर वर घेतला, आणि पोराच्या स्क्रीनवर पुढचा सगळा वेळ नुसतं धोतर होतं.