राजाचे हरीण मारले की थेट फाशी?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजवनातले हरीण मारणाऱ्याला हमखास फाशी होई, हा समज चुकीचा आहे. पहिल्या विल्यमच्या काळात अशा माणसाला आंधळे करण्याचा क्रूर नियम होता, हे खरे. परंतु १२१७ च्या वनसनदेने, हरणापायी यापुढे कोणाचाही जीव किंवा अवयव जाणार नाही, असे स्पष्ट लिहून दिले आणि जबर दंड, तो भरण्याची ऐपत नसल्यास एक वर्ष व एक दिवस कैद, तर सुटकेच्या वेळी जामीनदार न मिळाल्यास देशत्याग अशी शिक्षा ठरवली. वनातून जाणाऱ्या उमरावाला तर एकदोन हरणे मारण्याची मुभाच होती; मात्र वनरक्षक समोर नसेल, तर चोरीचा संशय येऊ नये म्हणून त्याने शिंग फुंकायचे. हरिणींच्या विणीच्या काळात, २४ जूनच्या मागेपुढे पंधरा-पंधरा दिवस, गुरे चारण्यासही मनाई असे.