सुपरग्लू आणि फॅब्रिक ग्लू: जॅकेटवरचा पॅच ओढून नाही, सोलून निघतो

मे महिना उजाडला, बाइकवरून लडाखला जाणाऱ्यांच्या बॅगा भरायला सुरुवात झाली की हा संवाद हमखास कानावर येतो. "जॅकेटवर पॅच लावायचाय, शिवायला वेळ नाही, काय वापरू?" आणि शेजारून कुणीतरी ठामपणे सांगतं, "फॅब्रिक ग्लू कशाला शोधतोस? सुपरग्लू लाव, दहा सेकंदांत काम." पॅच म्हणजे जॅकेटवर मिरवायचा भरतकामाचा कापडी बिल्ला. सांगणाऱ्याच्या डोक्यात हिशेब असा असतो की गोंद एकच, एक झटपट आणि दुसरा संथ. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली जॅकेटं खराब झालेली मी इतकी पाहिली आहेत की आता हे सविस्तर लिहूनच टाकतो.

सुपरग्लूची ओळख करून द्यायची गरज नाही. किराणा दुकानात मिळणारी ती बोटभर ट्यूब, आत सायनोअ‍ॅक्रिलेट नावाचं रसायन. कोडॅक कंपनीतले हॅरी कूवर यांच्या हाती ते १९४२ मध्ये पहिल्यांदा लागलं आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आलं. कपाचा तुटलेला कान, खेळण्याचं चाक, आरशाची फ्रेम अशा कडक आणि न हलणाऱ्या वस्तूंसाठी ते उत्तम आहे. तिथे मीही तेच वापरतो.

फॅब्रिक ग्लू म्हणजे बहुतेक वेळा पाण्यात मिसळलेला, दुधासारखा दिसणारा गोंद. तो कापडाच्या धाग्यांत शिरतो, पाणी उडून जातं आणि मागे रबरासारखा पातळ पापुद्रा राहतो. दिसायला तो सुताराच्या पांढऱ्या गोंदासारखा असतो, म्हणून काही जण तोही लावून पाहतात. पण सुताराचा गोंद पाण्यात भिजला की मऊ पडतो आणि सुटतो, त्यामुळे पहिल्या पावसात पॅच हातात येतो. फॅब्रिक ग्लूमध्येही शिवणकामाच्या आधी कापड तात्पुरतं धरून ठेवणारा, धुतल्यावर निघून जाणारा प्रकार मिळतो. ट्यूबवर धुतल्यानंतरही टिकतो असं लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर सगळे घसरतात.

सुपरग्लूने पॅच लावणारा माणूस काय करतो? तो पॅच अंगठ्याने दाबतो, थोडं थांबतो, मग पॅच धरून बाजूला ओढून पाहतो. हलत नाही. मग सरळ वर ओढतो. तरी हलत नाही. झालं, पक्कं बसलं म्हणून तो समाधानी होतो. ही परीक्षाच चुकीची आहे, कारण जॅकेटवरचा पॅच ओढल्याने निघत नाही, सोलल्याने निघतो. कपाळावरची टिकली आठवा. तिच्या मधोमध बोट ठेवून बाजूला सरकवायला गेलं तर ती दाद देत नाही. तीच टिकली कडेला नख घातलं की अलगद सुटते. गोंद तोच, टिकलीही तीच, फक्त जोर लावण्याची जागा बदलली.

हे असं का होतं ते नीट पाहू. आठ सेंटीमीटर व्यासाचा गोल पॅच घेतला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण पन्नास चौरस सेंटीमीटर भरतं. बाजूला ओढताना हे सगळे पन्नास चौरस सेंटीमीटर मिळून ओझं पेलतात. कडेपासून उचलताना मात्र सगळा जोर एका केसाएवढ्या रेषेवर येतो. ती रेषा तुटली की पुढची, मग तिच्या पुढची. अशा वेळी गोंद किती मजबूत आहे यापेक्षा तो किती ताणला जातो याला जास्त महत्त्व आहे. रबरासारखा गोंद त्या रेषेवर थोडा लांबतो, त्यामुळे मागचाही थोडा भाग ओझ्याला हात लावतो आणि जोर पसरतो. सुपरग्लू घट्ट झाल्यावर काचेसारखा कडक होतो. त्याला लांबताच येत नाही. तो तडकतो आणि ती तडक सरळ पुढे पळते.

रायडिंग जॅकेटवर तर हे सोलणं अखंड चालू असतं. ताशी ऐंशीच्या वेगाने जाताना दंडावरच्या पॅचच्या पुढच्या कडेखाली वारा नखासारखा शिरतो. पाठीवरचं कापड फडफडतं. खांद्याचं कापड दर वळणावर दुमडतं आणि उलगडतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने लेहच्या बाजारात घेतलेला पॅच रात्री हॉटेलात सुपरग्लूने दंडावर बसवला होता. सकाळी निघण्यापूर्वी त्याने तो ओढून दाखवला, आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मोरे प्लेन्सचा सपाट, वाऱ्याचा रस्ता संपून पांगला चहाला थांबलो तेव्हा दंडावर पांढरट, कडक, नखाने खरवडला तरी न निघणारा डाग तेवढा होता. पॅच मागे कुठेतरी गेला. तो पुन्हा विकत मिळेल, पण डाग त्या जॅकेटवर आजही आहे. नेलपॉलिश काढायला वापरतात त्या अ‍ॅसिटोनने तो निघेल, पण कापडाच्या आतलं कोटिंग आणि छापील अक्षरंही त्याच्यासोबत जाऊ शकतात. म्हणून मी त्याला तसं करू दिलं नाही.

त्यामुळे पॅच तपासायचा असेल तर ओढू नका. कापड पॅचसकट दुमडा आणि कडेला नख घालून पाहा. हे वाळल्यावर लगेच नाही, पूर्ण एका दिवसाने.

वेळेबाबत आणखी एक गोष्ट उलटी आहे. फॅब्रिक ग्लू पाणी सोडून घट्ट होतो, तर सुपरग्लू हवेतली ओल घेऊन. म्हणजे जुलैतल्या दमट हवेत सुपरग्लू आणखी लवकर धरतो आणि फॅब्रिक ग्लू रेंगाळतो. पावसाळ्यात पॅच लावून दुसऱ्या दिवशी ताम्हिणीत निघणाऱ्यांचा फॅब्रिक ग्लूवरून विश्वास उडतो तो यामुळे. बोटाला कोरडा लागला म्हणजे तो पक्का झाला असं नसतं. मी पंख्याखाली, वर जाड पुस्तकं ठेवून पूर्ण दिवस देतो, आणि धुण्याआधी तीन दिवस.

सुपरग्लूबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. सुती कापडावर तो पडला की प्रक्रिया इतक्या वेगाने होते की चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते, कधी धूरही येतो. अंगातल्या जॅकेटवर, खाली सुती टी-शर्ट असताना, कुणी ती ट्यूब उघडली तर मी त्याचा हात धरतो.

फॅब्रिक ग्लू घेऊनही पॅच सुटला असेल तर चूक बहुधा कापडाच्या तयारीत असते. पुष्कळ जॅकेटांच्या कापडावर पाणी न टिकू देणारा थर असतो. पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो अळवावरच्या पाण्यासारखा मोत्याचा दाणा होऊन बसला तर गोंदाचंही तेच होणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन तेवढीच जागा पुसा, आधी आतल्या बाजूला रंग जात नाही ना ते बघून. पॅचची पाठ इस्त्रीने चिकटणाऱ्या प्रकारची, गुळगुळीत चकचकीत असेल तर ती खरखरीत कागदाने घासून घ्या. आणि इस्त्री मात्र जॅकेटवर फिरवू नका. लेबलवर इस्त्रीच्या चित्रात एकच टिंब असेल तर त्या कापडाची मर्यादा ११० अंश आहे, आणि अनेक जॅकेटांवर इस्त्रीच्या चित्रावर सरळ फुली असते.

गोंद कुठे लावता हेही बघा. मधोमध मोठा थेंब टाकून चारी बाजूंना दाबून पसरवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. भरतकामाच्या पॅचला कडेने जाड गोफासारखी शिलाई असते, त्यामुळे कड कापडापासून किंचित उचललेली राहते. सोलणं सुरू होतं ते तिथूनच. म्हणून आधी कडेने सलग गोंद, मग आत पातळ थर. टोकदार कोपऱ्यांपेक्षा गोल पॅच घ्यावा, आणि कोपर किंवा खांद्याच्या लवचीक चुण्यांवर तो लावूच नये. तिथे कुठलाच गोंद टिकत नाही.

जाळीदार जॅकेटवर गोंद आरपार जाऊन आतल्या अस्तराला चिकटतो, तेव्हा मध्ये बटर पेपर सरकवावा आणि वाळल्यावर काढून घ्यावा. लेदरची गोष्ट वेगळी आहे, तिथे फॅब्रिक ग्लू आत मुरत नाही. चपला-बॅगांच्या दुरुस्तीत वापरतात तो रबरी, दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकू द्यायचा आणि मग दाबायचा गोंद घ्यावा.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर फॅब्रिक ग्लू आणि वर कडेने जाड पॉलिस्टर दोऱ्याचे आठ-दहा टाके. पावसाचं अस्तर वेगळं काढता येत असेल तर ते आधी काढा आणि बाहेरच्या कापडावर खुशाल शिवा. तोच थर बाहेरच्या कापडाला कायमचा जोडलेला असेल तर प्रत्येक टाका म्हणजे पाण्याला एक भोक. तिथे सुई बाजूला ठेवा, फक्त गोंद लावा, आणि प्रत्येक धुण्यानंतर कडेवरून नख फिरवून पाहा. सुटलेल्या जागी टूथपिकने थोडा गोंद आत सारला की पुढचा हंगाम निघतो.