लास व्हेगास: १३ टीएमसीचा हिशेब आणि हिरवळीवरची बंदी

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या लास व्हेगास परिसरात निव्वळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायला १ जानेवारी २०२७ पासून बंदी आहे. कायदा २०२१चा असला तरी त्याचं मूळ शंभर वर्षं मागे जातं.

‘व्हेगास’ म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणं. ती झऱ्यांवर पोसलेली होती. त्याच पाण्यासाठी रेल्वे इथे थांबली आणि मे १९०५ मध्ये भूखंडांचा लिलाव होऊन गाव वसलं. उपसा वाढत गेला आणि १९६२ मध्ये झरे आटले. आज सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडोवरच्या हूवर धरणामागच्या लेक मीड जलाशयातून येतं.

नदीच्या पाण्याची वरच्या आणि खालच्या खोऱ्यांत वाटणी १९२२ च्या करारात झाली आणि १९२८ च्या केंद्रीय कायद्यात खालच्या खोऱ्यातल्या राज्यांचे आकडे आले: कॅलिफोर्निया ४४ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जागेत फूटभर उभं राहील इतकं पाणी), अ‍ॅरिझोना २८ लाख, नेवाडा ३ लाख. नेवाडाचा वाटा म्हणजे आपल्या मापात जेमतेम १३ टीएमसी. तेव्हा तिथे ना मोठी शेती होती ना वस्ती, त्यामुळे जास्त मागणार तरी कोण? आज त्यावर २० लाखांहून अधिक लोक आणि दरवर्षी येणारे कोट्यवधी पाहुणे अवलंबून आहेत.

सगळा गोंधळ ‘वापर’ या शब्दाचा आहे. कोट्यात मोजला जाणारा वापर म्हणजे उचललेलं पाणी वजा परत सोडलेलं पाणी. न्हाणीघरातलं, संडासातलं, स्वयंपाकघरातलं पाणी मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथून लास व्हेगास वॉश या ओढ्याने पुन्हा लेक मीडमध्ये पोचतं. जेवढं परत गेलं, तेवढं पुन्हा उचलता येतं. हॉटेलातला पाहुणा अर्धा तास शॉवरखाली उभा राहिला तरी कोट्यातून जवळपास काही वजा होत नाही. पंपाची वीज तेवढी जळते. या परतीच्या पाण्यानेही त्रास दिला आहे. वाढत्या प्रवाहाने ओढ्याचा तळ खरवडला आणि गाळ जलाशयात जाऊ लागला, तेव्हा वाटेत बंधारे घालावे लागले.

लॉनवर फवारलेलं आणि कूलिंग टॉवरमधून वाफ झालेलं पाणी मात्र कायमचं जातं. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात एक चौरस फूट हिरवळ वर्षाकाठी सुमारे २७५ लिटर पाणी पिते. ती काढून वाळवंटी झुडपं लावली की त्यातलं २०० लिटर वाचतं. फोटोत झळकणाऱ्या कॅसिनोच्या कारंज्यांवर लोक उगाच चिडतात. त्यांतल्या सर्वात प्रसिद्ध कारंज्याला तर नदीचं पाणी लागतच नाही, जुन्या गोल्फ मैदानाच्या विहिरीचं पाणी पुरतं.

२००० पासून जलाशय घसरत गेला. पाणी उचलणारं पहिलं तोंड समुद्रसपाटीपासून १,०५० फुटांवर, दुसरं १,००० वर. तिसरं थेट ८६० फुटांवर घेतलं आणि ते २०१५ मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने पहिल्यांदाच टंचाई जाहीर केली आणि एप्रिल २०२२ मध्ये पहिलं तोंड पाण्याबाहेर आलं.

कायद्याचा रोख बरोबर आहे. रस्त्याच्या दुभाजकावर, कार्यालयासमोर जिथे माळ्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही, तिथलंच गवत त्याने धरलं. स्वतंत्र घरांच्या अंगणातली हिरवळ मात्र सुटली. सदनिकांच्या आवारातले रहिवासी यावरच बोट ठेवतात, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं कठीण आहे.

दुसरी तक्रार झाडांची. लॉनमध्ये वाढलेल्या झाडांची मुळं उथळ राहतात आणि फवाऱ्याच्याच पाण्यावर जगतात. फवारे बंद झाले, वर खडी पसरली की ४५ अंशांच्या उन्हात ती एका उन्हाळ्यात वाळतात. म्हणून गवताचं पाणी तोडण्याआधी झाडांसाठी ठिबकची स्वतंत्र वाहिनी टाकावी लागते. तोट्या खोडाशी नकोत, फांद्यांच्या घेराच्या कडेला हव्यात. पाणी कमी वेळा पण खोलवर मुरेल इतकं द्यायचं आणि घेर वाढेल तशा तोट्या बाहेर सरकवायच्या.